दोन वाईट अनुभवांनंतर तिसरा थेरपिस्ट शोधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दोन वर्षांपूर्वी गाडीचा मोठा अपघात झाला. शेजारी बसलेली मैत्रीण गेली, मी वाचले. पायाचं हाड जुळलं, पण अजून गाडीत बसवत नाही. ब्रेकचा कर्कश आवाज आला की सगळं पुन्हा घडतंय असं वाटतं, रात्री दचकून उठते. पहिल्या समुपदेशकांनी पहिल्याच भेटीत सगळं खडान्‌खडा सांगायला लावलं. पुढचे आठ-दहा दिवस इतके वाईट गेले की मी परत गेलेच नाही. दुसऱ्या बाईंकडे सहा महिने जात होते. त्या फार प्रेमळ होत्या, पण अपघाताचा विषय कधी निघालाच नाही. श्वासाचे व्यायाम आणि 'चांगल्या गोष्टींकडे बघा', एवढंच. आता तिसरीकडे जायची हिंमत होत नाही. ट्रॉमावर खरोखर काम करणारा माणूस शोधायचा कसा? की माझ्यातच काही कमी आहे?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. तुम्ही दोनदा मदत मागितलीत आणि दोन्ही वेळा तुम्हाला पीटीएसडीवरचा, म्हणजे मोठ्या आघातानंतर (ट्रॉमानंतर) मागे राहणाऱ्या मानसिक विकारावरचा उपचार मिळालाच नाही. उपचार घेतला आणि तो लागू पडला नाही, असं तुमच्या बाबतीत अजून घडलेलंच नाही. हा फरक मी ठासून सांगते आहे, कारण अशा अनुभवांनंतर माणसं "थेरपी करून पाहिली, मला नाही उपयोग होत" असं मनाशी पक्कं करून टाकतात आणि पुढची कित्येक वर्षं तशीच काढतात.

तुमचे दोन अनुभव वरवर एकमेकांच्या उलट दिसतात. एकांनी तुम्हाला आठवणीत ढकललं, दुसऱ्यांनी आठवणीच्या आसपासही फिरकू दिलं नाही. माझ्या मते दोघांकडेही एकच गोष्ट नव्हती: त्या आठवणीपर्यंत तुमच्यासोबत तयारीनिशी, पुन्हा पुन्हा जायची आणि तिथून तुम्हाला सुखरूप परत आणायची पद्धत. तुम्हाला शोधायचं आहे ते ही पद्धत शिकलेलं माणूस. भिंतीवरच्या पदव्या, पिकलेले केस, माहितीपत्रकात लिहिलेला 'ट्रॉमा' हा शब्द, यातल्या कशानेही त्याची खात्री पटत नाही. विचारूनच घ्यावं लागतं.

काय विचारायचं ते सांगण्याआधी हा उपचार चालतो कसा, ते थोडं समजून घ्या. मग समोरच्याचं उत्तर तुम्हाला स्वतःला तोलता येईल.

एरवीच्या आठवणींना 'हे मागे घडून गेलं' अशी जाणीव चिकटलेली असते. आघाताच्या आठवणीत ती जाणीव कच्ची राहते. म्हणून ब्रेकचा आवाज आला की तुम्हाला अपघात 'आठवत' नाही, तो होत असतो. मग माणूस साहजिकच गाडी टाळतो, तो रस्ता टाळतो, मैत्रिणीचे फोटो टाळतो. टाळलं की लगेच सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेमुळेच टाळण्याची सवय घट्ट होत जाते. गाडीची सीट म्हणजे तो दिवस नव्हे, हे शिकायची संधी मनाला मिळतच नाही. अंके एहलर्स आणि डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली मांडलेल्या प्रारूपात आणखी एक दुवा आहे, तो म्हणजे घटनेचा आपण लावलेला अर्थ. "मी आग्रह केला म्हणून ती आली." "मी त्या बाजूला बसायला हवं होतं." तुम्ही असं काही लिहिलेलं नाही, पण सोबतचं माणूस गेलेल्यांच्या मनात असं वाक्य बहुधा असतं, आणि ते उघड्यावर आणून तपासलं नाही तर धोका केव्हाच टळून गेला तरी भीती आणि अपराधीपणा जात नाही.

म्हणून ज्या उपचारांमागे भक्कम पुरावा आहे ते जवळजवळ सगळे आठवणीकडे आणि तिच्या अर्थाकडे थेट जातात. त्यांना ट्रॉमा-फोकस्ड उपचार म्हणतात. आपण 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड' आहोत असं हल्ली बरेच जण सांगतात. तेही हवंच. त्याचा अर्थ एवढाच, की हा माणूस आघात सोसलेल्याशी जपून वागेल. जपून वागणं आणि उपचार करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या दुसऱ्या बाई बहुधा पहिल्यात मोडत होत्या.

या उपचारांची नावं माहीत असू द्या, कारण फोनवर तुम्हाला तीच ऐकायची आहेत. अमेरिकेत एडना फोआ यांनी विकसित केलेलं प्रोलाँग्ड एक्सपोजर साधारण ८ ते १५ भेटींचं असतं आणि प्रत्येक भेट सहसा दीड तासाची. तयारी झाल्यावर डोळे मिटून, वर्तमानकाळात, घटना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायची, मग त्याच बैठकीत पुन्हा सांगायची. त्याचं ध्वनिमुद्रण घरी ऐकायचं. त्याबरोबर टाळत आलेल्या गोष्टींची सोप्याकडून अवघडाकडे जाणारी यादी करायची. तुमच्या यादीत पहिल्या पायरीवर इंजिन बंद असलेल्या, उभ्या गाडीत दार उघडं ठेवून बसणं असेल आणि अपघाताचा रस्ता बराच वर असेल. दुसरी पद्धत कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, म्हणजे सीपीटी. पॅट्रिशिया रेसिक यांनी ती सुरुवातीला बलात्कारातून गेलेल्या स्त्रियांसाठी तयार केली, आता ती सगळ्या प्रकारच्या आघातांसाठी वापरतात. भेटी साधारण १२. तिचा भर 'माझ्यामुळे ती गेली' यासारख्या अडकून बसलेल्या विचारांवर असतो, आणि घटनेचं सविस्तर वर्णन न करताही ती पूर्ण करता येते. पहिल्या अनुभवानंतर तुम्हाला सगळं पुन्हा सांगण्याचीच धास्ती असेल, तर हे लक्षात ठेवा.

तिसरी ईएमडीआर. फ्रॅन्सिन शपिरो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेली. आठवण मनात धरून थेरपिस्टच्या बोटांच्या हालचालीबरोबर नजर फिरवायची, असं तिचं दिसणारं रूप. पण खरी पद्धत आठ टप्प्यांची आहे आणि त्यातले पहिले टप्पे माहिती घेण्याचे आणि तयारीचे असतात. डोळ्यांच्या हालचालींचा त्यात नेमका वाटा किती, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. उपचाराचा उपयोग होतो यावर मात्र बऱ्यापैकी एकमत आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत तिची शिफारस आहे. एहलर्स-क्लार्क यांची कॉग्निटिव्ह थेरपी याच कुळातली. युद्धातून आणि स्थलांतरातून गेलेल्यांसाठी नॅरेटिव्ह एक्सपोजर थेरपी आहे. मुलांसाठी पालकांना सोबत घेऊन चालणारी ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी, आहे.

यातली कोणती सर्वांत चांगली, यावर फार डोकं शिणवू नका. एका पद्धतीत नीट तयार झालेला, ती नियमित वापरणारा माणूस मिळाला तर तीच घ्या.

आता पहिल्या भेटीत तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल. पुष्कळ जण त्यातून "बोलल्याने त्रास वाढतो" असा निष्कर्ष काढतात आणि तो अर्धाच खरा आहे. एका बैठकीत सगळं वदवून घेण्याच्या पद्धतीची तपासणी फार पूर्वी झाली आहे. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात रस्ते अपघातानंतर रुग्णालयात दाखल झालेल्यांना तीन वर्षांनी पुन्हा तपासलं. २००० साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास. सुरुवातीलाच ज्यांचा त्रास जास्त होता, त्यांच्यापैकी ज्यांची अशी एक बैठक झाली होती त्यांचा त्रास तसाच राहिला, आणि ज्यांना असं काहीच दिलं नव्हतं ते सावरले होते. त्या बैठका अपघातानंतर लगेच झाल्या होत्या, तुमची नंतर झाली. तरी दोष तोच: जखम उघडली आणि तशीच सोडली. उपचारात तीच आठवण पुन्हा पुन्हा, ठरावीक अंतराने, शांत व्हायला वेळ देऊन हाताळली जाते, आणि दर खेपेला तिची धार थोडी बोथट होते. तुमच्या पायाचंच बघा. प्लास्टर काढल्यावर फिजिओथेरपिस्टने गुडघा हलवला तेव्हा दुखलंच असेल, पण किती वाकवायचा, कधी थांबायचं आणि उद्या पुन्हा यायचं, हे ठरलेलं होतं. कोणी पहिल्याच दिवशी झटका देऊन वाकवला असता तर तो व्यायाम ठरला नसता. आणि सहा महिने नुसता शेकत बसला असता, तरी गुडघा वाकला नसता.

चांगल्या उपचारातही मधले एक-दोन आठवडे काही जणांची झोप बिघडते, स्वप्नं वाढतात. थेरपिस्टने हे आधी सांगितलेलं असलं पाहिजे. फोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात असा तात्पुरता चढ थोड्याच जणांना आला, आणि ज्यांना आला त्यांनाही उपचाराचा फायदा इतरांइतकाच झाला.

तर फोनवर किंवा पहिल्या भेटीत काय विचारायचं? मी तुमच्या जागी असते तर पहिला प्रश्न हाच विचारला असता: "पीटीएसडीसाठी तुम्ही कोणती पद्धत वापरता, आणि तिचं प्रशिक्षण कुठे घेतलंत?" वर सांगितलेल्यांपैकी एखादं नाव, प्रशिक्षणाची माहिती आणि अनुभवी व्यक्तीचं सुपरव्हिजन अजून घेतो, असं उत्तर आलं तर उत्तम. "मी सगळ्या पद्धतींचं मिश्रण वापरतो, व्यक्तीनुसार ठरवतो" हे उत्तर कानाला गोड लागतं. त्यावर एकच पुढचा प्रश्न करा: "म्हणजे माझ्या अपघाताच्या आठवणीवर आपण नेमकं काय करू, आणि साधारण कितव्या भेटीपासून?" काम येणारा माणूस यावर दोन-तीन मिनिटं सहज, साध्या शब्दांत बोलतो. न येणारा विश्वास, प्रवास, ऊर्जा असल्या शब्दांकडे वळतो.

दुसरा प्रश्न: "मला मधेच असह्य झालं तर काय करायचं?" कसं थांबायचं, वर्तमानात परत कसं यायचं, भेट संपताना शेवटची काही मिनिटं कशी राखून ठेवतात, दोन भेटींच्या मध्ये संपर्क करता येतो का, हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. "तसं काही होणार नाही" हे उत्तर पुरेसं नाही.

तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण मला तो फार मोलाचा वाटतो: "उपयोग होतोय हे आपल्याला कशावरून कळेल?" पीटीएसडीसाठी पीसीएल-५ नावाची २० प्रश्नांची, ० ते ८० गुणांची प्रश्नावली आहे. ती पाच-दहा मिनिटांत भरून होते. सुरुवातीला एकदा आणि मग दर आठवड्या-दोन आठवड्यांनी ती भरली की आकडा उतरतोय की जागचा हलत नाही, हे दोघांनाही दिसतं. तुमच्या दुसऱ्या उपचारात ही मोजणी असती तर सहा महिने गेलेच नसते. कागदावरच्या आकड्याइतकंच प्रत्यक्ष जगणंही मोजा: महिन्याभरात गाडीत बसलात का, रात्री किती वेळा उठलात, तिच्याबद्दल कोणाशी बोललात का.

हे प्रश्न विचारल्याने समोरचा दुखावेल अशी भीती बाळगू नका. जो दुखावतो किंवा "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नका. आणखीही काही ठिकाणी मागे फिरावं. दोन-तीन भेटींत बरं करतो अशी हमी देणारे. अपघात समोर असताना "याचं मूळ तुमच्या बालपणात दडलंय, तुम्हाला आठवत नाही एवढंच" असं पहिल्याच भेटीत ठामपणे सांगणारे आणि संमोहनाने ते काढू पाहणारे. न घडलेल्या गोष्टीही सूचनेमुळे खऱ्या आठवणीसारख्या वाटू लागतात, हे स्मृतीवर संशोधन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगांनी दाखवून दिलं आहे आणि संमोहनात तो धोका वाढतो. तुमचे डॉक्टर किंवा घरचे यांच्यापासून तुम्हाला तोडू पाहणारे. न विचारता स्पर्श करणारे, किंवा भेटीबाहेर मैत्रीचे, व्यवहाराचे संबंध वाढवणारे. या शेवटच्या दोन गोष्टींत दुसरी संधी देऊ नका, आणि त्यांच्या व्यावसायिक नोंदणी संस्थेकडे तक्रार करता येते हे लक्षात ठेवा.

नोंदणीचा विषय निघालाच आहे तर: समुपदेशक किंवा थेरपिस्ट ही नावं अनेक देशांत कोणीही लावू शकतं, त्यांना कायद्याचं संरक्षण नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ यांची नोंदणी सहसा असते आणि ती तपासता येते. तुम्ही राहता तिथला नियम काय, तो आधी बघा. नोंदणी म्हणजे किमान पात्रता, एवढंच ती सांगते. ट्रॉमाचं काम येतं की नाही हे वरच्या प्रश्नांवरूनच कळेल.

शोधायचं कुठे? सुरुवात तुमच्या डॉक्टरांपासून किंवा एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांपासून करा, पण "चांगला समुपदेशक सुचवा" असं न म्हणता "प्रोलाँग्ड एक्सपोजर, सीपीटी किंवा ईएमडीआर करणारं कोणी माहीत आहे का?" असं विचारा. ईएमडीआरच्या राष्ट्रीय संघटना प्रशिक्षितांच्या याद्या ठेवतात. विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांना जोडलेली प्रशिक्षण केंद्रं असतील तर तिथे फी कमी असते आणि शिकाऊ थेरपिस्टच्या प्रत्येक भेटीवर अनुभवी माणसाची नजर असते. तिथे जायला कमीपणा मानू नका. पुस्तकी पद्धत नेटाने पाळणारा शिकाऊ मला कित्येकदा मनाला येईल तसं करणाऱ्या ज्येष्ठापेक्षा बरा वाटतो. जवळपास कोणीच नसेल तर व्हिडिओवरून उपचार घ्या. प्रोलाँग्ड एक्सपोजर आणि सीपीटी यांचे परिणाम व्हिडिओवर प्रत्यक्ष भेटीइतकेच चांगले आल्याचे अभ्यास आहेत. फक्त बंद करता येणारं दार आणि भेटीनंतर अर्धा तास मोकळा, एवढं जमवा. शिवाय तुमची अडचण गाडीचीच आहे, त्यामुळे प्रवासाच्या भीतीने पहिल्या भेटी बुडण्याचा धोकाही टळेल.

तुमच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी मला पत्र वाचतानाच खटकल्या. अपघातात डोक्याला मार बसला होता का, शुद्ध हरपली होती का, याचा उल्लेख नाही. मेंदूला सौम्य इजा झाली तरी झोप बिघडणं, चिडचिड, लक्ष न लागणं ही लक्षणं होऊ शकतात आणि ती पीटीएसडीत मिसळून जातात. ती असूनही ट्रॉमावरचा उपचार करता येतो, पण डॉक्टरांना एकदा नीट विचारा. दुसरी गोष्ट मैत्रिणीची. भीती आणि शोक हे एकत्र राहतात, तरी एक नव्हेत. भीती ओसरल्यावर तिच्या आठवणीने रडू येणं थांबलं नाही, तर उपचार फसला असं समजू नका. तिची ओढ आणि ती गेल्याचं दुःख महिनोन्‌महिने इतकं तीव्र राहिलं की रोजचं जगणंच अडलं, तर त्याला दीर्घ शोकविकार असं वेगळं निदान आहे आणि त्यावर वेगळं काम करावं लागतं. नव्या थेरपिस्टने तिच्याबद्दल विचारलं पाहिजे: ती कशी होती, तुमचं काय नातं होतं. फक्त अपघाताबद्दल विचारून थांबणारा माणूस तुमचं अर्धंच दुःख बघेल.

औषधांबद्दल थोडक्यात. सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन यांसारख्या औषधांचा पीटीएसडीत उपयोग होतो आणि ती थेरपीबरोबर घेता येतात. निर्णय मानसोपचारतज्ज्ञांबरोबर घ्यावा. झोपेसाठी कोणी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटातल्या गोळ्या सुरू केल्या असतील तर ते नव्या थेरपिस्टला आणि डॉक्टरांना जरूर सांगा. पीटीएसडीसाठी त्या सुचवल्या जात नाहीत. पण त्या स्वतःहून एकदम बंद करू नका, ते धोक्याचं असतं. दारूचं प्रमाण वाढलं असेल तर तेही लाज न बाळगता सांगा. आधी दारू सोडा मगच ट्रॉमाचा उपचार, असा आग्रह आता पूर्वीसारखा धरत नाहीत.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा आघात एका घटनेचा नसून लहानपणापासून वर्षानुवर्षं चाललेला असेल, त्यांच्यासाठी शोध थोडा वेगळा आहे. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, कॉम्प्लेक्स पीटीएसडीला स्वतंत्र जागा मिळाली. त्यात भावना आवरणं अवघड जाणं, स्वतःबद्दल कायमची हीन भावना आणि नात्यांतली अडचण हेही येतं. अशा वेळी तयारीचा काळ मोठा असू शकतो. मात्र 'अजून तुमची तयारी नाही' असं म्हणत वर्ष निघून गेलं, तर कारण विचारा. आणि मारहाण किंवा छळ अजून चालूच असेल, तर आधी सुरक्षित जागा, मग आठवणींचं काम.

जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करायचे विचार येत असतील, तर ते पहिल्याच फोनवर सांगा. ते विचार आत्ताच जोर धरत असतील तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका. जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा आणि एकट्या जाऊ नका.

पहिल्या भेटीत अपघाताबद्दल एका वाक्यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही. त्यांनी आग्रह केला तर "तपशील मला ठरवून, तयारी झाल्यावर सांगायचे आहेत" असं म्हणा आणि ते कसं घेतात ते पाहा. साधारण चौथ्या-पाचव्या भेटीपर्यंत निदान, योजना आणि प्रत्यक्ष कामाची सुरुवात झालेली असावी. नसेल तर उघड विचारा. आठ-दहा भेटींत आकडा अजिबात हलला नाही तर पद्धत बदलण्याबद्दल बोला, आणि त्यावर समाधानकारक बोलणं झालं नाही तर माणूस बदला.

पहिला फोन करणं जड जात असेल तर करू नका, लिहा. खालचा मजकूर हवा तसा बदलून एकाच दिवशी तिघांना पाठवा, म्हणजे एकाचं उत्तर आलं नाही तरी शोध अडणार नाही:

"नमस्कार. दोन वर्षांपूर्वीच्या रस्ते अपघातानंतर मला पीटीएसडीची लक्षणं आहेत. अपघातात माझी मैत्रीण गेली. आधी दोन ठिकाणी समुपदेशन घेतलं, पण आठवणीवर पद्धतशीर काम झालं नाही. आपण प्रोलाँग्ड एक्सपोजर, सीपीटी किंवा ईएमडीआर यांपैकी काही करता का? प्रशिक्षण कुठे घेतलंत? व्हिडिओवर भेटी होतात का, फी किती आणि पहिली वेळ कधी मिळेल? भेट ठरवण्याआधी दहा मिनिटं फोनवर बोलता आलं तर बरं होईल. अपघाताचे तपशील मी आत्ता सांगू इच्छित नाही."